‘दम’ लागणं आणि ‘दमा’ असणं: एका डिस्चार्ज समरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लोअर परळच्या एका ऑफिसात हाऊसकीपिंगचं काम करणाऱ्या अडतीस वर्षांच्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. त्यांना इथे नुसतं ‘ताई’ म्हणते. ओळख पटू नये म्हणून वय, राहण्याचं ठिकाण आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि कागदांवरचे शब्द मात्र बदललेले नाहीत, कारण हे सगळं प्रकरण शब्दांवरूनच झालं.

मी ज्या खासगी रुग्णालयात मेडिकल रेकॉर्ड विभाग सांभाळते, ते साधारण शंभर खाटांचं आहे. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते. पानं लावायची, सह्या तपासायच्या, निदानाला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणाचा, कोड द्यायचा. विमा असेल तर तोच कोड क्लेम फॉर्मच्या ‘ब’ भागात जातो, जो रुग्णालयाने भरायचा असतो. बाहेरून हे कारकुनी काम वाटतं. पण विमा कंपनीत क्लेम तपासणारा माणूस रुग्णाला कधी बघत नाही. त्याच्यापुढे असते निदानाची ओळ, कोड आणि पूर्वेतिहासाचं पान. या तिन्हींत जे लिहिलंय, त्यावर तो पैसे देतो किंवा नाकारतो.

२०२४ च्या जुलैमधला शनिवार होता. ऑफिसला सुट्टी, म्हणून तिथलं बाथरूम घासायचं काम काढलेलं. पावसामुळे खिडकी बंद, एक्झॉस्ट पंखा आधीच बिघडलेला. डाग निघेना तेव्हा ताईंनी टॉयलेट क्लीनरवरच ब्लीच ओतलं. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. आणि फरशी घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, तिचं तोंड नेमकं तिथेच.

डोळे झोंबले, ठसका लागला, मग छाती आवळल्यासारखी झाली. दोन तासांनी कामावरच्या जोडीदारणीने त्यांना टॅक्सीत घालून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. ऑक्सिजनची पातळी ८९ टक्के, छातीत दोन्ही बाजूंना घरघर. नेब्युलायझेशन, ऑक्सिजन, स्टेरॉइडचं इंजेक्शन लगेच सुरू झालं. एक्स-रे साफ होता. उपचारांत काडीची कसर राहिली नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या रात्रीनंतर, चौथ्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी घरी जाण्याइतक्या बऱ्या झाल्या.

समस्या

ताईंच्या नवऱ्याने चौदा महिन्यांपूर्वी कुटुंबासाठी पाच लाखांची पॉलिसी घेतलेली होती. दाखल होताना कॅशलेससाठी २५,००० रुपयांची प्राथमिक मंजुरी मिळाली. डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल पाठवलं ८६,४०० चं. अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा, असा विमा नियामकाचा मे २०२४ पासूनचा नियम आहे. निर्णय तीन तासांच्या आत आला, आणि तो नकार होता. कारणं दोन. एक, रुग्णाला लहानपणापासून दमा आहे आणि आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा मुदत संपलेली नाही. दोन, पॉलिसी घेताना हा आजार लपवला.

पहिल्या कारणाने पैसे जातात. दुसऱ्या कारणाने पॉलिसीच जाऊ शकते, आणि ती एकट्या ताईंची नव्हती, मुलांचीही होती.

नवऱ्याने बचत गटातून २०,००० उचलले, बाकीचे दिराकडून आणले आणि बिल भरलं. चार दिवसांनी दोघंही आमच्या खिडकीशी आले. ताईंचा आवाज अजून बसलेला होता. “मॅडम, दमा माझ्या सासूला होता,” त्या म्हणाल्या. “मला कधी नव्हता. हे कुणी लिहिलं?”

मी फाइल काढली.

फाइलमध्ये काय होतं

कॅज्युअल्टीच्या इतिहासाच्या पानावर आरएमओ, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी, डॉक्टरांच्या अक्षरात इंग्रजीत ओळ होती: ‘नोन केस ऑफ अस्थमा, सिन्स चाइल्डहूड’. त्याखाली ‘धाप, खोकला, दोन तास’. वायूचा उल्लेख नाही.

डिस्चार्ज समरीत निदानाच्या जागी कन्सल्टंट सरांनी तीनच अक्षरं लिहिली होती: ‘आरएडी’. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह एअरवे डिसीज, चटकन प्रतिक्रिया देणारी श्वासनलिका. या शब्दाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दमाच आहे असं अजून म्हणवत नाही, पण श्वासनलिका आवळतेय हे दिसतंय, अशा वेळी डॉक्टर हा शब्द वापरतात. लहान मुलांच्या बाबतीत तर फारच. तो एक प्रकारे निदान पुढे ढकलणं आहे, आणि त्यात काही चूक नाही. पण कोडिंगच्या पुस्तकाला निदान पुढे ढकलणं कळत नाही. अमेरिकी आवृत्तीच्या सूचीत ‘रिअ‍ॅक्टिव्ह एअरवे’ शोधलं की समोर लिहिलेलं असतं: अस्थमा पहा. तिथून माणूस थेट जे४५.९०९ वर, म्हणजे अनिर्दिष्ट दम्यावर येतो.

आमचा कोडर मुलगा तीन वर्षं ऐरोलीच्या एका कंपनीत अमेरिकन रुग्णालयांच्या फायली कोड करत होता. मुंबई-नवी मुंबईतले कितीतरी कोडर याच वाटेने आलेत, हाताला ती आवृत्ती बसलेली. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती चालते आणि तिच्यात दम्याला इतकी लांब शेपटी नाही. तिथे तो नुसता जे४५.९ होतो. मुलाने जे४५.९०९ टाकला, पोर्टलने शेवटचे आकडे गाळले, आणि विमा कंपनीच्या पडद्यावर उरला तो दमा.

ही गफलत त्याच्या एकट्याची नव्हती. त्या सकाळी त्याने आमच्या ग्रुपवर विचारलं होतं, “मॅडम, आरएडी एवढंच लिहिलंय, सरांना विचारू का?” माझ्यापुढे अकरा फायली पडल्या होत्या. मी उत्तर दिलं, “सूचीप्रमाणे घे.” प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण तो होता आणि मी तो दहा सेकंदांत घालवला.

आता तिसरा कागद. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांचं ट्रायाज शीट, म्हणजे रुग्ण येताच केलेल्या पहिल्या तपासणीचं पान, फाइलमध्ये बरंच मागे, औषधांच्या तक्त्यांखाली गेलेलं. सिस्टरांनी लिहिलं होतं: ‘ऑफिसमध्ये बाथरूम धुताना अ‍ॅसिड + ब्लीच मिक्स, बंद खोली, सुमारे ५ वा. त्यानंतर त्रास. अ‍ॅलर्जी नाही. रोजचं औषध नाही.’ वेळ, सही, सगळं. एकाच फाइलमध्ये, जेमतेम पंचवीस मिनिटांच्या अंतराने, एकाच बाईचे दोन वेगवेगळे इतिहास.

आरएमओ डॉक्टरांना मी बोलावून विचारलं, दटावायला नाही. त्या रात्री त्यांची ड्युटी अठराव्या तासात होती आणि ते महाराष्ट्राबाहेरचे. पण मराठी त्यांना बऱ्यापैकी समजतं. त्यांनी विचारलं होतं, “पहले से है?” ताई धापा टाकत म्हणाल्या होत्या, “दम लागतो... लहानपणी पावसात छाती भरायची.” डॉक्टरांनी ‘दम’ ऐकला, ‘लहानपणी’ ऐकलं, आणि वाक्य पूर्ण केलं.

दम लागणं म्हणजे धाप लागणं. परळ स्टेशनचा जिना धावत चढलं की कुणालाही लागतो. दमा हा आजार आहे. मधे फक्त एक काना. मास्क लावलेल्या, ऑक्सिजन घेत असलेल्या माणसाच्या तोंडून तो काना ऐकू आला की नाही, कोण सांगणार? पण विचारता आलं असतं. पंप वापरलाय का कधी? रात्री घरघर होऊन उठता का? डॉक्टरांनी कधी दमा आहे असं सांगितलंय का? तीन प्रश्न, एक मिनिट.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. समरीवर सही झालेली, क्लेम नाकारलेला. रुग्णाने कंपनीशी भांडावं. आमच्या बिलिंगमध्ये हे मत होतं आणि त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. नकारानंतर रुग्णालयाने कागद बदलला की कंपनीला पहिली शंका येते ती संगनमताची.

दुसरा पर्याय टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या आमच्या टेबलावरून आला, आणि तो कळवळ्यापोटी आला हे मला मान्य आहे. “समरी नव्याने प्रिंट करू, न्यूमोनिया लिहू, लगेच पास होतं.” एक्स-रे साफ असताना न्यूमोनिया लिहिणं हे खोटं आहे, एवढंच त्याबद्दल. आज पैसे सुटतील आणि उद्या त्या बाईला खरोखर श्वासाचा त्रास झाला की नवा डॉक्टर हाच खोटा कागद वाचून औषध देईल.

तिसरा पर्याय जरा बारीक होता आणि माझं मन तिथे घुटमळलं. फक्त इतिहासाची ओळ काढून टाकायची. दमा नव्हताच, मग ‘सिन्स चाइल्डहूड’ खोडलं तर काय बिघडलं? बिघडलं असतं. ताई ‘लहानपणी पावसात छाती भरायची’ असं खरंच म्हणाल्या होत्या. ते वाक्य आमच्या सोयीचं नाही म्हणून गायब करायचं, तर आधीच्या चुकीत आणि आमच्या दुरुस्तीत फरक काय राहिला? आधी एका वाक्याचा अर्थ फुगवला गेला होता. आता आम्ही ते वाक्यच गिळलं असतं.

चौथा पर्याय लांबचा: डॉक्टरांना लेखी विचारायचं, त्यांचं उत्तर तारीख-वेळेसह पुरवणी म्हणून जोडायचं, मूळ पानाला हात लावायचा नाही, आणि दोन्ही कागद एकत्र कंपनीकडे पाठवायचे. आम्ही हा घेतला.

काय केलं

आधी ताईंना समोर बसवून सगळं पुन्हा ऐकलं. घाईने नाही, चहा मागवून. लहानपणी काय व्हायचं? पावसाळ्यात खोकला, आई छातीला तेल चोळायची, चार दिवसांत बरं. शाळा बुडायची का? नाही. मोठेपणी? काही नाही. दिवा ते परळ रोजचा लोकलचा प्रवास, दोन बाळंतपणं. “सिझरच्या वेळी विचारलं होतं की दमाबिमा आहे का,” त्या मधेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवरा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला, त्यात रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेले महापालिकेच्या रुग्णालयातले नऊ वर्षांपूर्वीचे कागद. भूल देण्याआधीच्या तपासणीत दम्याच्या रकान्यापुढे ‘नाही’. या एका शब्दाचं वजन किती होतं ते पुढे कळलं. पॉलिसी घेण्याच्या कितीतरी आधीचा, विम्याशी काहीही संबंध नसलेला, तिसऱ्याच डॉक्टरांनी लिहिलेला कागद.

जोडीदारणीच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा फोटोही होता. दोन्ही बाटल्या बाजूबाजूला, लेबलं वाचता येण्यासारखी.

मग सरांना क्वेरी पाठवली. क्वेरी लिहिण्याची एक शिस्त असते. उत्तर सुचवायचं नाही, पैशांचा उल्लेख करायचा नाही, फाइलमध्ये जे आहे तेवढंच समोर ठेवायचं. ‘हे क्लोरीनमुळे झालं असं लिहाल का’ असं विचारणं म्हणजे निदान आपण करणं. आमची क्वेरी अशी होती: ‘ट्रायाज शीटमध्ये आम्ल व ब्लीच मिसळल्यानंतर त्रास सुरू झाल्याची नोंद आहे. इतिहासाच्या पानावर बालपणापासून दमा अशी नोंद आहे. सोबत २०१५ ची भूलपूर्व तपासणी जोडली आहे. समरीत आरएडी असे निदान आहे. कृपया या दाखल-काळातील निदान आणि, ठरवता येत असल्यास, त्याचे कारण स्पष्ट करावे. पूर्वीचा दमा होता, नव्हता, की ठरवता येत नाही, हेही कळवावे.’

सर स्वतः खाली आमच्या विभागात आले. म्हणाले, “मला आरएडी म्हणताना मनात वायूच होता. मला वाटलं ते कॅज्युअल्टीच्या पानावर आहेच.” ते त्या पानावर नव्हतं, मागच्या पानावर होतं. त्यांनी पुढे एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला आधी नीट माहीत नव्हती. रिअ‍ॅक्टिव्ह एअरवेज डिसफंक्शन सिंड्रोम, म्हणजे आरएडीएस, हे वेगळं प्रकरण आहे. १९८५ मध्ये ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं: आधी श्वसनाचा आजार नसलेला माणूस, क्षोभक वायूचा एकच मोठा संपर्क, चोवीस तासांच्या आत त्रास सुरू, दम्यासारखीच लक्षणं, आणि ती किमान तीन महिने टिकलेली. दिसायला दमा, पण उगम वेगळा. आरएडी आणि आरएडीएस, इथेही फरक एका अक्षराचा. सूचीत मात्र पहिल्यावरून माणूस दम्याकडे जातो, आणि दुसऱ्यावरून जे६८.३ कडे, म्हणजे रसायनं, वायू, धूर आणि वाफा यांमुळे झालेल्या श्वसनविकारांकडे. अमेरिकी आवृत्तीत तर त्या कोडखाली हे नावच छापलेलं आहे.

“मग आरएडीएस लिहा ना सर,” आमचा कोडर उत्साहाने म्हणाला.

“तीन महिने झालेत का?” सरांनी विचारलं.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. सोयीचा शब्द हाताशी होता आणि सरांनी तो उचलला नाही. त्यांनी आधी ताईंना बोलावून स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकायला लावून श्वास मोजणारी चाचणी, केली, घटनेनंतर बाराव्या दिवशी. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा १.६२ लिटर, पंपानंतर १.७८. म्हणजे १६० मिलिलिटरची, साधारण १० टक्क्यांची सुधारणा. दम्याचं निदान पक्कं करायला वापरला जाणारा नेहमीचा निकष १२ टक्के आणि २०० मिलिलिटरच्या वरचा. एवढ्यावरून दमा नाही असं सिद्ध होत नाही, हेही त्यांनी बजावलं. पण श्वासनलिका अरुंद झालेली होती आणि पूर्वीचा दमा म्हणायला आधार नव्हता.

पुरवणीत त्यांनी लिहिलं: ‘आम्ल व ब्लीचच्या मिश्रणातून सुटलेल्या क्लोरीन वायूच्या संपर्कानंतरचा तीव्र ब्रॉन्कोस्पाझम. बालपणी पावसाळ्यात अधूनमधून खोकला. दम्याचे निदान वा उपचार कधीही नाहीत. आरएडीएस आहे की नाही हे तीन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर ठरेल.’ ब्रॉन्कोस्पाझम म्हणजे श्वासनलिका आवळणं. तारीख, वेळ, नोंदणी क्रमांक, सही. आरएमओ डॉक्टरांनी स्वतःच्या ओळीखाली वेगळी नोंद केली की रुग्णाचे मूळ शब्द असे होते आणि त्यांचा अर्थ मी दमा असा घेतला. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

आता कोड देता आला: जे६८.३, विषारी परिणामासाठी टी५९.४ म्हणजे क्लोरीन वायू, आणि बाह्य कारणासाठी एक्स४७. जे६८.० चाही विचार झाला, तो रसायनांमुळे झालेल्या ब्रॉन्कायटिस-न्यूमोनायटिसचा आहे. एक्स-रे साफ असल्याने आणि सरांनी तसं न लिहिल्याने तो सोडला. सरांनी ‘क्लोरीन’ हा शब्द लिहिला नसता तर टी५९.४ देण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, फोटो हातात असूनसुद्धा. रसायनशास्त्र कोडरला येत असलं तरी निदान डॉक्टरांनीच लिहायचं.

ताईंनी अर्ज करून सगळ्या इनडोअर पेपरच्या, म्हणजे दाखल असतानाच्या कागदांच्या, प्रती मागितल्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. आम्ही दुसऱ्या दिवशी दिल्या. मूळ समरी, पुरवणी, ट्रायाज शीट, जुना भूलपूर्व कागद आणि स्पायरोमेट्री असा संच कंपनीच्या तक्रार विभागाकडे गेला. सोबत सरांचं अर्ध्या पानाचं पत्र.

याच कामातली उलटी चूक

या प्रकरणावरून कुणी असा समज करून घेऊ नये की दम्याचा कोड टाळणं म्हणजे अचूकपणा. उलट्या चुका मला जास्त दिसतात. मुलीला दमा आहे म्हटलं की आई-बापांच्या डोळ्यांपुढे तिचं लग्न येतं. म्हणून डॉक्टर ‘अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस’ लिहितात. आयसीडी-१० च्या मूळ आवृत्तीत हा शब्द जे४५.० खाली, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या दम्यातच येतो. घरच्यांना सांगितलं एक, कोड झाला दुसरा, आणि मुलीला पंप नियमित घ्यायचं कुणी समजावलंच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या फायलींवर ‘डब्ल्यूएएलआरआय’ ही अक्षरं सर्रास असतात, संसर्गाबरोबरची घरघर या अर्थाने. त्या नावाचा स्वतंत्र कोड नाही. दर वेळी कोडर अंदाजाने कुठे तरी बसवतो.

‘? अस्थमा’ ही आणखी एक पाऊलवाट. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जला निदान संशयितच राहिलं आणि दुसरी काही माहिती नसली, तर ते निश्चित असल्यासारखं कोड करायचं असा नियम आहे. डॉक्टरांचं प्रश्नचिन्ह कोडमध्ये शिल्लक राहत नाही.

आणि एक घरची आठवण. माझे काका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. रविवारची सुट्टी संपून सोमवारी कामावर गेले की छाती आवळायची, आठवडा सरेल तशी सैल व्हायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही ओळखीची खूण, तिला जे६६.० असा स्वतःचा कोड आहे. काकांच्या प्रत्येक केस पेपरवर ‘ब्रॉन्कायटिस’ होतं. ते काम काय करतात हे एकाही पानावर नाही. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, काका गेले. नुकसानभरपाई मागायची तर कशाच्या आधारावर? ताईंच्या फाइलमध्येही पहिल्या पानावर ‘व्यवसाय’ हा रकाना रिकामा होता. तो बघून मला काकाच आठवले.

निष्पत्ती

पाच आठवड्यांनी कंपनीने क्लेम मान्य केला. हातमोजे वगैरे वजा होऊन सुमारे ७९,००० रुपये मिळाले. दिराचे पैसे फिटले. मात्र पैसे दिल्यानंतरही कंपनीच्या प्रणालीत ताईंच्या नावापुढे दमा राहिलाच होता, हे नूतनीकरणाच्या वेळी उघड झालं. त्यासाठी वेगळं पत्र, वेगळी वाट बघणं. क्लेम मान्य होणं आणि नोंद दुरुस्त होणं ही दोन कामं आहेत. यापुढे आम्ही दोन्हींची लेखी मागणी एकाच वेळी करतो.

साडेतीन महिन्यांनी ताई पाठपुराव्याला आल्या तेव्हा फिनेलचा वास, उदबत्ती, डासांचा स्प्रे, कशानेही खोकल्याची उबळ यायची. स्पायरोमेट्रीत अडथळा कायम होता. तेव्हा सरांनी आरएडीएस असं लिहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत महाग पडली ती एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची, चूक. विषारी वायूची बाधा ही मेडिको-लीगल नोंदीची बाब आहे. पहिल्या रात्री पानावर दमा लिहिला गेल्यामुळे कुणाला ते सुचलंच नाही. पुरवणीनंतर पोलिसांना उशिरा कळवलं, पण तोवर बाथरूम धुऊन, एक्झॉस्ट दुरुस्त होऊन सगळं साफ झालेलं होतं. क्लेमच्या भानगडीत आम्हीही हा धागा दोन आठवडे हातात घेतला नाही. मला आज पहिला दिवस परत मिळाला तर कोडच्या आधी मी एमएलसी बघेन.

ट्रायाज शीट फाइलमध्ये मागे का जातं, याचंही उत्तर शोधलं. पानं लावण्याचा आमचाच क्रम तसा होता: डॉक्टरांची पानं आधी, सिस्टरांची नंतर. आता कॅज्युअल्टीचं ट्रायाज शीट इतिहासाच्या पानाला पिनने जोडलेलं असतं. दोन्हींत विसंगती दिसली तर समरी छापायच्या आधी क्वेरी जाते. रुग्ण घरी गेल्यावर नाही. पहिल्या महिन्यात डॉक्टरांची कुरकुर झाली, कारण डिस्चार्ज अर्धा तास लांबायचा. ती कुरकुर रास्त आहे. गर्दीच्या दिवशी आम्ही आजही काही फायली तशाच सोडतो.

श्वासाच्या तक्रारीसाठी कॅज्युअल्टीच्या पानावर मराठी-हिंदीत तीन प्रश्न छापून घेतले, वर लिहिलेलेच. आणि चौथा: काम काय करता, त्रास सुरू झाला तेव्हा काय करत होता? ‘नोन केस’ लिहायचं तर कुणी, कधी निदान केलं ते सोबत लिहायचं. नसेल माहीत, तर रुग्णाचे शब्द अवतरणात, त्याच्याच भाषेत. आरएमओ डॉक्टरांनी ही शेवटची सूचना केली.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही. ताईंच्या घरात तो भूलपूर्व तपासणीचा कागद जपून ठेवला नसता तर? ट्रायाज शीट होतं, सरांची पुरवणी होती. पण पॉलिसीच्या आधीचा तो ‘नाही’ नसता तर कंपनीने एवढ्यात मान्य केलं असतं असं मला वाटत नाही. दर पावसात गळणाऱ्या घरात नऊ वर्षं कागद टिकवायची जबाबदारी रुग्णावर असावी का, हा प्रश्न मी आमच्या बैठकीत दोनदा मांडला आहे.

कामाच्या जागी झालेल्या इजेची भरपाई मिळावी म्हणून ताईंनी हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराकडे अर्ज दिला, सोबत पुरवणीची प्रत जोडून. त्याचं म्हणणं, त्या शनिवारी असं काही घडल्याची नोंद त्याच्याकडे नाही. ते काम ताईंनी सोडलं. आता दिव्यातच एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. शेजारच्या शेगडीवर मिरचीची फोडणी पडली की बाहेर जाऊन पंप घ्यावा लागतो.